खांब पडला तेव्हा

एलेनीबाईंची आणि आमची ओळख पानांवरून झाली. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात आमचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर होतं. लाकडी भिंती, वर हिरवा पन्हळी पत्रा, मागे कपडे वाळत घालायचं छत्रीसारखं गोल फिरणारं स्टँड आणि डाव्या हाताला कमरेएवढं कुंपण. कुंपणापलीकडे एक म्हातारी बाई काळा स्वेटर घालून स्टुलावर बसायची आणि द्राक्षाच्या वेलीची कोवळी पानं खुडायची. आईला पुणं सोडून तीन महिने झाले होते आणि तेवढ्या काळात तिनं अळूचं पान पाहिलेलं नव्हतं. तीन दिवस ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिली. चौथ्या दिवशी कुंपणाशी गेली आणि पानांकडे बोट दाखवून "ईट?" एवढंच विचारलं. पुण्यात आई शाळेत भूगोल शिकवायची, तिला चांगलं इंग्रजी येत होतं. पण इथे आल्यापासून तिची वाक्यं एकेका शब्दाची झाली होती. संध्याकाळी कुंपणावर एक बशी आली. पानांत भात गुंडाळून केलेल्या करंगळीएवढ्या वळकट्या, वर लिंबू पिळलेलं. आईनं एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली, आणि म्हणाली, "अळूवडीची सावत्र बहीण आहे ही. फक्त तळायची राहिलीय." दुसऱ्या दिवशी तिनं त्याच बशीतून कोथिंबीरवड्या पाठवल्या. पुढची तीन वर्षं, एक आठवडा सोडला तर, ती बशी कुठल्याच घरात दोन दिवसांच्या वर राहिली नाही.

बाबा सकाळच्या गाडीनं वेलिंग्टनला जायचे. पुण्यात ते पुलांची डिझाइन्स करायचे, इथे एका ऑफिसात दुसऱ्यांच्या डिझाइन्सची ड्रॉइंग्ज काढत. त्याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत, पण रविवारी जेवणाच्या टेबलावर स्वतःसाठी एखादा पूल काढत बसत, कुठल्याच नदीवर नसलेला. ते गेले की घरात फार शांत व्हायचं. वारा सुटला की पत्रा कुरकुरायचा, पाऊस आला की त्याच पत्र्याखाली एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं, आणि मधल्या वेळात लांबून गाडीचा आवाज. मी शाळेत कोणाशी बोलत नसे. मुली वाईट नव्हत्या, उलट फार चांगल्या होत्या. पण कोणी मला "स्वीट ॲज" म्हणालं की मी पुढच्या शब्दाची वाट बघत थांबायची. गोड, पण कशासारखं? इथे तेवढ्याचाच अर्थ 'छान' असा होतो हे मला माहीत नव्हतं. तो शब्द कधी आलाच नाही, आणि तोपर्यंत मुलगी निघून गेलेली असे. आज माझी लेक हे ऐकून हसते. ती इथेच जन्मली, माझं मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र "मम, यू आर सो वियर्ड" असं येतं.

एलेनीबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं तीस वर्षं कोपऱ्यावर डेअरी चालवली होती. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे. पाव, वर्तमानपत्र, आइस्क्रीम, काड्यापेट्या, सगळं मिळणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. नवरा गेल्यावर त्यांनी दुकान विकलं होतं. मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. आईनं मला पहिल्यांदा त्यांच्यासमोर "केते" अशी हाक मारली तेव्हा बाईंनी हातातला डाव खाली ठेवला. "केती? केती हे आमच्याकडचं नाव आहे." मी केतकी आहे, केतकी एक फूल असतं, असं मी बराच वेळ समजावलं, पण अथेन्समध्ये दर तिसऱ्या घरात एक केती असते म्हणून त्यांनी मला आपल्यात घेऊन टाकलं, आणि मी त्यांना 'याया' म्हणायचं असं ठरलं. याया म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. तेव्हापासून त्या 'तुम्ही'च्या 'तू' झाल्या.

यायाचे डोळे जात होते. एकदम नाही, मधोमध राख सांडावी तसं आधी मधलं गेलं आणि कडा राहिल्या. माझ्याकडे बघायचं असलं की ती माझ्या कानापलीकडे बघायची, कोंबडी बघते तशी मान वाकडी करून. शाळेतून आलं की मी तिच्याकडे जायची. आधी औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचायला, मग पत्रं वाचायला, आणि मग नुसतंच बघून सांगायला. "डोंगर काय करतायत आज?" ती विचारायची. मी म्हणायची, हिरवे आहेत. "हिरवे तर कालही होते. आज काय करतायत?" मग मला नीट बघावं लागे. एका डोंगराच्या खांद्यावर ढग अडकलेला असे, एकावर पिवळ्या झुडपांचा पट्टा असे. पोस्टमनच्या सायकलला नवी पिशवी, समोरच्यांनी रंगवलेलं फाटक, कुंपणावर बसून स्वतःच्याच शेपटीकडे संशयानं बघणारं मांजर. मी वर्गात एक शब्द बोलत नव्हते, पण चारच्या सुमाराला यायाच्या ओट्यावर बसून तासभर, चुकीच्या इंग्रजीत, न थांबता बोलत होते. मी पुढे आयुष्यभर जमिनीची मोजणी आणि नकाशे हेच काम केलं. त्याची सुरुवात कुठे झाली असं कोणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगते. ते खरं नाही.

बदल्यात ती मला अथेन्स सांगायची. तिचं माहेर एका चढावर होतं आणि खिडकीतून झ्यूसच्या देवळाचे खांब दिसायचे. देऊळ असं उरलेलंच नव्हतं. शहराच्या अगदी मध्यात, बस आणि मोटारींच्या रस्त्याला लागून, एक मोठं मोकळं मैदान आणि त्यात खांब. पंधरा उभे आणि एक आडवा. त्या आडव्या खांबाची गोष्ट तिनं मला पन्नासदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी शब्द तेच. "मी अंथरुणात होते. वारा खिडक्या खात होता. एकदाच आवाज झाला, धडाम, आणि घडवंचीवरच्या भांड्यातलं दूध उडालं. आईनं छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, देव खाली बसला." मला ते दूध दिसायचं. देव दिसायचा, दमलेला, गुडघे धरून खाली बसणारा. मी विचारायची, मग सकाळी काय झालं? "सकाळी सगळं गाव बघायला गेलं. मला नेलं नाही. मी लहान होते."

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की कडासुद्धा जातील, वर्ष-दीड वर्षात. त्या आठवड्यात बशीही आली नाही. मग एका शनिवारी याया नीटनेटका कोट घालून आमच्या पुढच्या दारानं आली. एरवी ती मागूनच यायची, म्हणून आईनं घाईघाईनं कोचावरचे कपडे उचलले. तिनं बाबांना सांगितलं की तिला एकदा अथेन्सला जायचंय. धाकटी बहीण आहे तिथे, फोतिनी. मुलाला रजा नाही. शाळेच्या सुट्टीत केती बरोबर आली तर ती जाऊ शकेल, तिकीट तिचं. "मला आता डोळे पाहिजेत," ती म्हणाली, "आणि हिचे मला सवयीचे आहेत."

बाबा तिच्यासमोर "वुई विल थिंक" म्हणाले आणि ती गेल्यावर म्हणाले, "पंधरा वर्षांची पोर. परक्या बाईबरोबर, परक्या देशात?"

मला वाटलं आई लगेच हो म्हणेल, म्हणजे त्यांना हो म्हणेल. ती कणीक मळत होती. "परकी कोण?" ती म्हणाली. "तीन वर्षं आपल्या घरचं खातेय ती. आणि परक्या देशाचं तुम्ही बोलताय? आपण कुठे बसलोय आत्ता?"

"अगं पण तिथे काही झालं तर?"

"मी मुलांना पंधरा वर्षं नकाशावर भूमध्य समुद्र दाखवला. मी बघितलाय का? कोणी दाखवला असता तर गेले नसते का?" कणकेचा गोळा तिनं परातीत जरा जोरातच आपटला. "हिला जाऊ दे."

बाबांनी अट घातली की आधी त्या बहिणीशी फोनवर बोलणार. फोन लागला तेव्हा ते उभे राहून, जणू अथेन्सपर्यंत आवाज त्यांनाच पोचवायचाय अशा सुरात, "हॅलो मॅडम, आय ॲम फादर!" असं ओरडले. पलीकडून फोतिनीबाई तेवढ्याच जोरात काहीतरी म्हणाल्या. बाबांनी फोन ठेवला. "काय म्हणाल्या?" आईनं विचारलं. "येस, चाइल्ड, ईट. एवढंच," बाबा म्हणाले. "तीनदा म्हणाल्या." आई म्हणाली, "मग झालं तर."

प्रवासाचं फारसं आठवत नाही. आठवतं ते हे, की फोतिनीनं दार उघडलं तेव्हा दोघी बहिणी उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि कोणीच पुढे झालं नाही. शेवटी फोतिनीनं माझा गाल ओढला, माझी बॅग उचलली आणि ती आत गेली. आम्ही मागोमाग. यायानं मला विमानात सांगितलं होतं. त्यांची आई आजारी पडली तेव्हा फोतिनीनं लिहिलं होतं, ये. यायानं उलट लिहिलं, दुकान बंद ठेवता येत नाही, उन्हाळ्यात येते. आई उन्हाळ्यापर्यंत थांबली नाही. त्यानंतर अकरा वर्षं फोतिनीचं पत्र नव्हतं, आणि मग आली ती नाताळची कार्डं, नुसती सही केलेली. ती कार्डं मीच यायाला वाचून दाखवली होती. वाचण्यासारखं काही नसायचं.

पहिले दोन दिवस त्या घरात सगळं बोलणं माझ्यामार्फत झालं. फोतिनी सत्तरीच्या आतली, बारीक, भराभर चालणारी, शेजारच्या शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. फोनवर का तशी बोलली कोण जाणे, एरवी तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. "केती, तुझ्या यायाला विचार, भाजीत लिंबू चालेल का." याया समोरच बसलेली. "केती, तिला सांग, आमच्या आईच्या घरात भाजीत लिंबू घालतात, तिला आठवत नसेल तर." मी एका बाजूचं वाक्य दुसऱ्या बाजूला पोचवायची, तेही इंग्रजीतून, दोघी ग्रीक असताना. उकडलेल्या रानभाज्या होत्या, ऑलिव्हचं तेल, पांढरं आंबट चीज, बोटांना चिकटणारी अंजिरं. खाणं इतकं चांगलं आणि बसणं इतकं अवघड. आणि दर थोड्या वेळानं याया माझ्याकडे झुकून हळूच विचारायची, "कसा आहे तिचा चेहरा?" तिला बहिणीच्या चेहऱ्याच्या जागी राख दिसत होती. मी बघायची. काय सांगणार? मी म्हणायची, "ती प्लेटकडे बघतेय."

तिसऱ्या दिवशी आम्ही देवळाला गेलो, मी आणि याया दोघीच. फोतिनी म्हणाली, तिला खिडकीतून रोज दिसतं, तिकीट काढून कशाला बघायचं. उतरणीवरून खाली आलो, रुंद रस्ता ओलांडला. मोटारसायकली अशा जात होत्या की अप्पर हटचा सगळा रहदारीचा आठवडा त्या एका सिग्नलला मावला असता. फाटकातून आत गेलो आणि मी थांबले. मी देऊळ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर आणलं होतं त्यातलं तिथे काही नव्हतं. गाभारा नाही, पायऱ्या नाहीत, छप्पर नाही. वाळलेलं गवत, इकडे तिकडे पसरलेले दगड, आणि त्या गवतात एका कोपऱ्यात तेरा खांबांचा घोळका, आणि बऱ्याच अंतरावर दोन, एकटे, ज्यांच्यामध्ये तिसरा पडलेला. खांब पाच-सहा मजली इमारतीएवढे उंच. पलीकडे टेकडीवर दुसरं, प्रसिद्ध देऊळ दिसत होतं, फोटोत असतं तसं. पण मला ते बघावंसंच वाटेना. सगळं उभं असलेलं देऊळ एकदा बघितलं की संपतं. इथे जे नव्हतं ते आधी मनात बांधावं लागत होतं.

"सांग," याया म्हणाली. आम्ही एका बाकावर बसलो होतो. मी सुरुवात केली. रंग मधासारखा आहे, एका बाजूला काळपट. वर पानं आहेत, दगडाची. खांबांना उभ्या... इथे मला शब्द सापडेना. "लाइन्स," मी म्हणाले. "रेषा? काढलेल्या?" नाही, काढलेल्या नाहीत, खोल आहेत, आत-बाहेर, आत-बाहेर. माझी इंग्रजी वाक्यं अडखळायला लागली. एवढ्या लांब येऊन, मला जे नेमकं दिसतंय ते मला सांगता येत नव्हतं, आणि तिच्याकडे वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. मला रडू यायला लागलं. यायानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "तुझ्या आईशी बोलतेस तसं सांग."

"तुला कळणार नाही."

"ते माझं मी बघेन. तू इंग्रजीत घाबरतेस, आणि घाबरलेला माणूस अर्धंच बघतो."

मग मी मराठीत बोलायला लागले. म्हणाले, याया, खांबांना पन्हळी आहेत, आपल्या घराच्या पत्र्याला असतात तशा, पाऊस वरून खाली सरळ उतरेल अशा. वरची पानं कोबीचा गड्डा उलगडावा तशी बाहेर वळलीत. पडलेला खांब अखंड नाहीच, गोल चकत्या आहेत जाड जाड, एकीला एक टेकून आडव्या झालेल्या. मारी बिस्किटांचा पुडा फाडून ताटात कलंडवला की बिस्किटं कशी एकावर एक रेलतात, अगदी तश्शा. आणि त्या दोन खांबांना बघ, मध्ये त्यांचा जोडीदार पडलाय तरी ते जिथे होते तिथेच उभे आहेत. मी किती वेळ बोलले कोण जाणे. मला एकही शब्द शोधावा लागत नव्हता. परदेशात तीन वर्षांत मी कुठल्याही जागेबद्दल एवढं मराठी एका दमात बोलले नव्हते, आणि ज्या बाईशी बोलत होते तिला त्यातलं फक्त 'बिस्किट' कळलं असणार. ती डोळे मिटून मान हलवत होती. "आता मला दिसलं," ती म्हणाली. मला आजही माहीत नाही की तिला काय दिसलं. पण मी हे पुस्तक मराठीत का लिहिते, मुलीला वाचता येणार नाही हे माहीत असून, असं विचारलं तर मला तो बाक आठवतो.

मग याया म्हणाली, तिथे पाटी असेल, वाच. मी उठून पाटीपाशी गेले. ग्रीक आणि इंग्रजी दोन्हीत होती. देऊळ बांधायला घेतलं आणि पुरं झालं यात साडेसहाशे वर्षं गेली, हे वाचून मी चाट पडले. ज्यानं पाया घातला त्याच्या पंचवीस पिढ्यांनंतर कोणीतरी कळस चढवला, म्हणजे मधल्या सगळ्यांनी जन्मभर अर्धवटच देऊळ पाहिलं. मग खाली पडलेल्या खांबाचं होतं. वादळात पडला. पुढे साल होतं. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. याया जन्मायच्या सत्तरेक वर्षं आधीचं साल होतं ते.

मी परत येऊन बसले. माझे कान तापले होते. पन्नासदा ऐकलेली गोष्ट. मी हिच्यासाठी आईबाबांना भांडायला लावलं, हिच्या शब्दावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आले, आणि ही खोटं बोलत होती? मग बाकीचं तरी खरं कशावरून?

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"लिहिलंय की बांधायला साडेसहाशे वर्षं लागली," मी म्हणाले. बाकीचं बोलले नाही. पंधराव्या वर्षी माणूस गप्प बसून शिक्षा करतो. परतीच्या चढावर तिनं माझा हात धरला होता, आणि रस्त्यात काय काय आहे ते मी तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

जेवताना फोतिनीनं विचारलं, "काय मग, केती, आमच्या खिडकीतलं जवळून कसं दिसलं?" माझ्यात दुपारभर साठलेलं होतं. मी यायाकडे न बघता, मुद्दाम, फोतिनीला विचारलं, "तो खांब केव्हा पडला?"

फोतिनी पाव कापत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "खांब?" ती म्हणाली. "मी अंथरुणात होते. वारा खिडक्या खात होता. एकदाच आवाज झाला, धडाम, आणि भांड्यातलं दूध उडालं. आईनं क्रूस काढला आणि म्हणाली, देव उठला."

मी हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. ती तर यायाहूनही सहा वर्षांनी लहान.

"बसला," याया म्हणाली. ग्रीकमध्ये म्हणाली असावी, पण मला कळलं.

"उठला," फोतिनी म्हणाली. "उठून निघून गेला. म्हणून तर खांब पडला."

"खाली बसला. दमला आणि बसला. आई असंच सांगायची."

"आई तुला काय सांगायची ते मला ठाऊक नाही, तू इथे होतीस कुठे? मला तिनं शेवटच्या हिवाळ्यातसुद्धा सांगितलंय, याच खोलीत. उठला."

मग दोघींचा असा काही वाद जुंपला की सूप गार झालं. मध्ये मी कोणालाही आठवत नव्हते, आणि माझ्यामार्फत एकही वाक्य गेलं नाही. तीस वर्षांत त्या दोघी एकमेकींशी पहिल्यांदा थेट बोलत होत्या, त्याही हात हलवून, ओरडून. बऱ्याच वेळानं फोतिनीला माझा चेहरा दिसला. ती हसली आणि तिनं मला तो वाद आणि त्यामागची गोष्ट इंग्रजीत समजावली. खांब पडला तेव्हा अंथरुणात होती ती त्यांच्या आजीची आई, सात वर्षांची. तिनं ती गोष्ट मुलीला सांगितली, मुलीनं तिच्या मुलीला, आणि त्या घरात कोणीही ती 'आजीची आई म्हणायची' अशी सांगितली नाही. गोष्ट ऐकली की ती आपली. "मी दहा वर्षांची होईपर्यंत मला खरंच वाटायचं की मी तिथे होते," फोतिनी म्हणाली. "हिला अजूनही वाटत असेल. ही आधीपासून अशीच."

"मला माहीत होतं," याया म्हणाली. मग माझ्या कानापलीकडे बघत म्हणाली, "तू रस्ताभर चिडली होतीस ते यासाठी? मला वाटलं तुला भूक लागलीय."

मी सॉरी म्हणाले. तिनं पानात भाजी वाढली. त्यानंतर वाद पुढे चालूच राहिला, आणि केव्हातरी तो दुधाच्या भांड्यावरून आईच्या शेवटच्या हिवाळ्यावर गेला. फोतिनी हळू बोलायला लागली. मला भाषा कळत नव्हती, पण मी ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन ती फार सावकाश धुतली. परत आले तर यायाचे दोन्ही हात फोतिनीच्या चेहऱ्यावर होते. ती बोटांनी कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं बघत होती. फोतिनी डोळे मिटून, चिडल्यासारखा चेहरा करून, स्थिर बसली होती. त्यानंतर यायानं मला बहिणीचा चेहरा कसा आहे असं पुन्हा विचारलं नाही.

याया माझ्याबरोबर परत आली नाही. आधी आणखी एक महिना राहते म्हणाली, मग हिवाळा होऊ दे म्हणाली, मग पर्थहून मुलगा येऊन शेजारचं घर आवरून गेला. एअरलाइनच्या बायकांनी मला गळ्यात पिशवी अडकवून, या हातातून त्या हातात देत, वेलिंग्टनपर्यंत आणलं. आई विमानतळावर एवढंच म्हणाली, "बरं केलंन तिनं," आणि गाडीत बसल्यावर भूमध्य समुद्राचा रंग कसा असतो ते मला अप्पर हट येईपर्यंत विचारत राहिली. पुढे चार वर्षं पत्रं आली, फोतिनीच्या हातची, दोघींच्या तोंडची. एका ओळीत एक जे सांगे ते पुढच्या ओळीत दुसरी खोडून काढी. नंतर एकीचीच यायला लागली.

पण निघायच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी फोतिनी पण आली, तिकीट काढून. दोघी त्याच बाकावर बसल्या, एकमेकींच्या हातात हात अडकवून. मी सवयीनं यायाच्या शेजारी बसायला गेले तर फोतिनी सांगायला लागली होती, हे असं आहे, ते तसं आहे, खांब चौदा आहेत. "पंधरा," याया म्हणाली, खांबांकडे न बघता. मी थोडा वेळ उभी राहिले. मग माझ्या लक्षात आलं की माझं तिथे काही काम नाही.

मी निघाले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी एखादी गोष्ट कोणाला सांगायची नसताना बघत होते. आधी तेरांच्या घोळक्याला पूर्ण चक्कर मारली. दोरीच्या बाहेरून, कारण आत पाऊल टाकलं की पहारेकरी शिट्टी मारायचा. खांबांच्या बुंध्याशी, पन्हळीत जिथे सावली होती तिथे, मुंग्यांची रांग वर चढत होती. डोळ्यांनी तिच्यामागे जाता जाता माझी मान दुखायला लागली. एका दगडावर कोणीतरी फार पूर्वी छिन्नीनं केलेल्या खुणा होत्या, काम अर्ध्यावर सोडल्यासारख्या. सोडून जेवायला गेला असेल का तो? गवतात काहीतरी खरखरलं आणि बघते तर एक कासव, नारळाच्या करवंटीएवढं, अथेन्सच्या ऐन मध्यात, बसचे हॉर्न वाजत असताना, एका पिवळ्या फुलापर्यंत पोचायच्या खटाटोपात. मी उकिडवी बसून ते फुलापर्यंत पोचेतो थांबले. त्याला बराच वेळ लागला. मला घाई नव्हती.

"केती!" बाकावरून हाक आली. फोतिनीची होती की यायाची, पाठीमागून आवाज सारखेच होते. "केती, चल, जेवायचं!"

मी हात वर करून आले म्हणून खूण केली, पण लगेच गेले नाही. लांबच्या दोन खांबांची पलीकडची बाजू अजून बघायची राहिली होती.